पावसाचं गणित, परवान्याची चिप

२०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आला आणि दोनच दिवसांत मुंबईत पोहोचला. १९५० पासूनच्या नोंदींत मुंबईत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. राज्यभर मे महिन्यातच जमिनी ओल्या झाल्या, आणि जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा-भडगाव-चाळीसगाव या कापसाच्या पट्ट्यात एकच विचार घरोघरी सुरू झाला: लावून टाकायचं की थांबायचं? कृषी विभाग सांगत होता, घाई करू नका. झालंही तसंच. महिनाअखेरीस मान्सून थबकला आणि जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकला नाही.

ही उघडीप कोणाला किती महाग पडते, हे पाचोऱ्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. विहिरीला पाणी असलेला शेतकरी ठिबकवर बागायती कापूस मे-जूनच्या सांध्यावर लावून घेतो. कोरडवाहूवाला मृगाची वाट बघतो. बीटी बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत त्या वर्षी ९०१ रुपये होती. त्यात नांगरटी, वखरपाळी, खत, मजुरी मिळवा. पहिल्या सरींवर विश्वास ठेवून टोबलं आणि नंतर तीन आठवडे आभाळ कोरडं राहिलं, की दुबार पेरणी. पैसा जातो तो जातोच, हंगामाचे दिवसही जातात. मग वेचणी नेमकी परतीच्या पावसात सापडते.

‘पानी कव्हय येई?’ हा अहिराणीतला प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या नक्षत्रांना, वाऱ्याला, टिटवीच्या अंड्यांना विचारला गेला. आज तो ज्यांना विचारला जातो त्यांत पुण्यातलं एक यंत्रही आहे. त्या यंत्राच्या आतले प्रोसेसर अमेरिकी कंपनीने आखलेले, तैवानात तयार झालेले, आणि जुळणी फ्रेंच कंपनीची. जगातल्या प्रगत चिपा कोणी कोणाला विकायच्या यावर गेली काही वर्षं जी ओढाताण चालली आहे, ती म्हणूनच पाचोऱ्याच्या शेतकऱ्यापासून वाटते तेवढी दूर नाही. महाराष्ट्राने तर या ओढाताणीचा पहिला धडा ३५ वर्षांपूर्वीच गिरवला आहे. तो आपण पुरता गिरवला नाही, असं माझं मत आहे, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

आधी हे गणित काय असतं ते पाहू. हवामानाचं प्रारूप पृथ्वीचं वातावरण चौकोनांत वाटतं. प्रत्येक चौकोनात वारा, दाब, तापमान, बाष्प यांची समीकरणं काही मिनिटांच्या टप्प्याने सोडवली जातात आणि अशा टप्प्यांनी दहा दिवस पुढे जायचं असतं. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात. शिवाय काळाचा टप्पाही निम्मा करावा लागतो, म्हणजे हिशोब साधारण आठपट. भारताचं जागतिक अंदाजाचं प्रारूप अलीकडेपर्यंत १२ किलोमीटरच्या चौकोनांवर चालत असे. एका चौकोनात १४४ चौरस किलोमीटर, म्हणजे कितीतरी गावं, एखादी टेकडी आणि दोन-चार नाले एकाच आकड्यात कोंबलेले.

हे किती अपुरं आहे ते ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावने पाहिलं. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर रात्रीतून कोसळलेल्या पावसाने तितूर आणि डोंगरी या नद्यांना पूर आला, गुरं वाहून गेली, दुकानं बुडाली, कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. पाचोरा तालुक्याची दक्षिण बाजू याच डोंगररांगेला टेकलेली आहे. अशा ठिकाणी ‘जळगाव जिल्ह्यात काही ठिकाणी मुसळधार’ एवढ्या वाक्याने नाल्याकाठच्या माणसाचं भागत नाही.

२६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. चौकोन ६ किलोमीटरचा. पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने ती घडवली आणि संस्थेच्याच ‘अर्क’ या महासंगणकावर ती चालते. अर्कची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे १२ हजार लाख कोटी आकडेमोडी. नोएडाला त्याचं भावंड ‘अरुणिका’ आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते या व्यवस्थेचं उद्घाटन झालं. खर्च ८५० कोटी रुपये. उभारणी फ्रान्सच्या एविडेन कंपनीची, अर्कमधले प्रोसेसर अमेरिकेच्या एएमडीचे. गावपातळीच्या अंदाजाची आपली सगळी आशा अशा यंत्रांवर आहे.

असं यंत्र विकत मिळणं हे नेहमीच सोपं नव्हतं.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला. मागणी दोन ठिकाणांसाठी होती: दिल्लीत हवामानासाठी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर भारताकडे संशयाने पाहिलं जात होतंच. पावसाचं गणित करणारं यंत्र अणुस्फोटाचं गणितही करू शकतं, हा अमेरिकेचा आक्षेप होता आणि तांत्रिकदृष्ट्या तो खोटा नव्हता. शीतयुद्धाच्या काळात पाश्चात्त्य देशांची ‘कोकॉम’ नावाची समिती साम्यवादी देशांकडे कोणती यंत्रं जाऊ द्यायची ते ठरवत असे. भारत त्या गटातला नव्हता, पण रशियाच्या जवळचा मानला जात होता. बंगळुरूला नकार मिळाला. दिल्लीला एकच प्रोसेसर असलेलं लहान क्रे एक्स-एमपी मिळालं, तेही वापरावर कडक अटी घालून.

या नकाराला उत्तर म्हणून मार्च १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड आवारात ‘सी-डॅक’ सुरू झालं. प्रगत संगणन विकास केंद्र हे त्याचं पूर्ण नाव. प्रमुख विजय भटकर. जन्म अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचा, म्हणजे कापसाच्याच मुलखातला. अभियांत्रिकीची पदवी नागपूरची, पुढचं शिक्षण बडोदा आणि दिल्लीला, आणि पुण्याला येण्याआधी तिरुवनंतपुरमला संशोधन केंद्राचं संचालकपद. हाती मुदत होती तीन वर्षांची आणि तरतूद एका क्रेच्या किमतीच्या आसपासची.

क्रेसारखा एकच प्रचंड वेगवान प्रोसेसर बनवणं भारताच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून वेगळी वाट धरली: बाजारात मिळणाऱ्या साध्या चिपा मोठ्या संख्येने जोडायच्या, एकच हिशोब त्यांच्यात वाटून द्यायचा आणि उत्तरं गोळा करायची. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची ‘ट्रान्सप्युटर’ ही चिप अशा जोडणीसाठीच आखलेली होती. तिला शेजारच्या चिपांशी बोलायला चार वाटा होत्या. चिप बाहेरची; पण जोडणीचं जाळं, त्याच्यावर चालणारी प्रणाली, काम वाटून देण्याची आज्ञावली हे सगळं पुण्यात लिहिलं गेलं. त्या काळात समांतर संगणनासाठी तयार आज्ञावल्या जवळजवळ नव्हत्याच. विशी-पंचविशीतल्या मुलामुलींनी त्या लिहिल्या. माझ्या मते, पुण्याचं खरं काम हे होतं. खोकं जुळवणं त्यामानाने सोपं.

१ जुलै १९९१ रोजी ‘परम ८०००’ हा महासंगणक देशासमोर आला. मॉस्कोलाही एक यंत्र गेलं. त्याच सुमारास मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘अनुपम’, बंगळुरूत ‘फ्लोसॉल्व्हर’ अशी इतरही यंत्रं आकार घेत होती. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर पुन्हा निर्बंध आले, आणि त्याच वर्षी ‘परम १००००’ तयार होता. २००३ मध्ये ‘परम पद्म’ जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत १७१ व्या क्रमांकावर गेला.

ही गोष्ट शाळेच्या भाषणांत नेहमी इथे संपते: त्यांनी नाही म्हटलं, आम्ही करून दाखवलं. अभिमान वाटावा असंच ते काम आहे आणि मला तो वाटतो. पण त्याच यंत्रांचं झाकण उघडून पाहिलं पाहिजे. परम ८००० मध्ये ब्रिटिश ट्रान्सप्युटर. इनमॉसची पुढची चिप रखडली, तेव्हा परम ८६०० मध्ये अमेरिकी इंटेलची. परम १०००० मध्ये अमेरिकेच्याच सनची. पद्ममध्ये आयबीएमची. २०१८ मध्ये पाषाणला हवामानासाठी ‘प्रत्यूष’ बसवला, तो तर क्रे कंपनीचाच होता. एके काळी ज्या कंपनीच्या यंत्रासाठी नकार ऐकला, तिने पुण्यात येऊन यंत्र लावून दिलं. २०२४ चे ‘परम रुद्र’ पूर्णपणे सी-डॅकने आखलेल्या सर्व्हरवर उभे आहेत, प्रोसेसर मात्र इंटेलचे. १९८८ चा निर्धार यंत्रापर्यंत पोहोचला, चिपपर्यंत नाही.

त्या काळात हे चालून गेलं, कारण निर्बंध यंत्रावर होते. सुटी चिप बाजारात मिळत होती. आज निर्बंध नेमके चिपवर आले आहेत. आणि चिपच्या खाली तिला घडवणाऱ्या यंत्रावर, तिचा आराखडा काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर, तिला लागणाऱ्या धातूंवर.

०००

भारतासारखाच धडा चीनला मिळाला, त्याने तो वेगळा गिरवला. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेने चीनच्या ‘तिआनहे-२’ या महासंगणकासाठी इंटेलच्या चिपा द्यायला मनाई केली. जून २०१६ मध्ये चीनने ‘सनवे तायहूलाइट’ दाखवला. ९३ पेटाफ्लॉप, जगात पहिला क्रमांक, आणि आतला प्रोसेसर चीनचा स्वतःचा. तिथे नकारानंतर लोक एक पायरी खाली उतरले होते.

पण आणखी एक पायरी होतीच. हुआवे या चिनी कंपनीची आरेखन शाखा जगातल्या उत्तम मोबाइल चिपा आखत होती, घडवत होती तैवानची टीएसएमसी. मे २०२० मध्ये अमेरिकेने नियम केला: अमेरिकी तंत्र वापरून जगात कुठेही घडवलेली चिप परवान्याशिवाय हुआवेला देता येणार नाही. सप्टेंबरपासून तैवानची दारं बंद झाली. आराखडा स्वतःचा असूनही कारखाना दुसऱ्याचा होता, तिथे ते अडले.

७ ऑक्टोबर २०२२ चे अमेरिकी नियम याहून व्यापक होते. एनव्हिडिया कंपनीच्या ए१००, एच१०० यांसारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपा चीनला बंद. प्रगत चिपा घडवणारी यंत्रं बंद. अमेरिकी नागरिकांनी तिथल्या अशा कारखान्यांना मदत करणंही बंद. कंपनीने दोन चिपांमधला संवादाचा वेग कमी करून नियमात बसेल अशी ए८०० काढली; वर्षभराने अमेरिकेने तीही बंद केली. नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीचं टोकाच्या अतिनील (ईयूव्ही) किरणांनी सूक्ष्म रेषा कोरणारं यंत्र जगात दुसरं कोणी बनवत नाही. ते चीनला कधीच मिळालं नाही. २०२३ मध्ये जपानने २३ प्रकारच्या यंत्रांवर परवाना लावला, पाठोपाठ नेदरलँड्सने.

परिणाम काय झाला? दोन्ही बाजूंनी सांगण्यासारखं आहे. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री चीनमध्ये असतानाच हुआवेने चीनमध्ये घडवलेल्या ७ नॅनोमीटर चिपचा फोन बाजारात आणला. जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक या चिनी कंपनीने कमी ताकदीच्या चिपांवर घडवलेलं भाषा-प्रारूप पुढे आणलं आणि एका दिवसात एनव्हिडियाच्या बाजारमूल्यातून सुमारे ६०० अब्ज डॉलर उडाले. निर्बंधांनी चीन थांबला नाही. पण सर्वांत सूक्ष्म चिपा मोठ्या संख्येने आणि परवडेल अशा खर्चात घडवणं त्याला अजून साधलेलं नाही, हेही खरं आहे. ‘बंदी घाला, की देश आपोआप स्वावलंबी होतो’ असं म्हणणाऱ्यांनी हे दुसरं वाक्य गाळू नये.

आणि ज्यांचं या भांडणात नाव नाही त्यांनाही झळ बसते. चीनने उत्तर दिलं ते धातूंनी. १ ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीला परवाना लागू लागला. ४ एप्रिल २०२५ पासून सात दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांना. जगातली अशी बहुतेक चुंबकं चीनमध्ये बनतात, आणि विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मोटरला ती लागतात. त्याचा फटका आपल्या आकुर्डीपर्यंत आला. जुलै महिन्यात बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी जाहीरपणे सांगितलं, की चुंबकं मिळाली नाहीत तर ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. पुरवठ्याची काहीतरी सोय झाली आणि २० ऑगस्टला उत्पादन पुन्हा सुरू झालं. पुण्यातल्या कारखान्याने ना चीनचं काही बिघडवलं होतं, ना अमेरिकेचं.

भारताचं नावही या यादीत येऊन गेलं. १९९० च्या दशकातल्या अमेरिकी नियमांत संगणक खरेदीसाठी देशांच्या चार श्रेणी होत्या. भारत तिसरीत, चीन आणि रशियासोबत. १३ जानेवारी २०२५ रोजी बायडेन सरकारने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपांसाठी पुन्हा जगाच्या तीन श्रेणी केल्या. पहिलीत अमेरिकेचे १८ निकटचे मित्र. भारत दुसरीत, म्हणजे चिपांच्या संख्येवर मर्यादा. १३ मे रोजी ट्रम्प सरकारने हा नियम अंमलात येण्याआधीच मागे घेतला. सुटलो खरे, पण हे दार उघडं ठेवायचं की बंद, ते दुसऱ्याच्या राजधानीत ठरलं आणि चार महिन्यांत दोनदा ठरलं. भारताचं १०,३७२ कोटी रुपयांचं कृत्रिम बुद्धिमत्ता अभियान अशाच चिपांवर उभं राहत आहे. त्यांतल्या कित्येक नवी मुंबई-पनवेल परिसरातल्या डेटा सेंटरांत आहेत.

याचा पावसाशी संबंध आता आणखी घट्ट होतो आहे. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर पावसाचा अंदाज पाठवला, काही ठिकाणी चार आठवडे आधी. मान्सून मध्येच थांबेल, हे त्यात होतं. तो अंदाज गुगलचं ‘न्यूरलजीसीएम’ आणि युरोपीय हवामान केंद्राचं प्रारूप यांना आपल्या १२५ वर्षांच्या पाऊसनोंदींची जोड देऊन काढला होता. नोंदी आपल्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या, तालुक्याच्या पर्जन्यमापकावर रोज सकाळी साडेआठला घेतलेल्या. प्रारूपं बाहेरची, आणि ती शिकवायला लागलेल्या चिपा त्याच, ज्यांच्यावर श्रेण्या आणि परवाने लागतात.

०००

चिपच्या कारखान्याची संधी भारताला नव्हती असं नाही. मोहालीचं सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स १९७६ मध्ये स्थापन झालं, १९८४ मध्ये उत्पादन सुरू झालं. टीएसएमसीचा जन्म त्यानंतर तीन वर्षांनी, १९८७ चा. ७ फेब्रुवारी १९८९ रोजी मोहालीत आग लागली आणि कारखाना जळाला. सी-डॅक पुण्यात पहिलं यंत्र जुळवत होतं, त्याच काळातली ही घटना. कारखाना पुन्हा उभा करायला वर्षं गेली आणि तेवढ्यात जग अनेक पिढ्या पुढे निघून गेलं. आज तिथे १८० नॅनोमीटरवर काम चालतं. सप्टेंबर २०२५ मध्ये दाखवलेला ‘विक्रम ३२०१’ हा अवकाशयानांसाठीचा प्रोसेसर तिथलाच.

महाराष्ट्राची खंत तळेगावची आहे. वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तिथे येणार म्हणून चर्चा पुढे गेली, सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातला गेला, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेरच पडली. यावर राजकारण भरपूर झालं. आज गुजरातमधल्या धोलेऱ्यात टाटा आणि तैवानची पीएसएमसी ९१,००० कोटी रुपयांचा कारखाना उभारत आहेत, २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड तंत्राचा. काही जण ‘जुनं तंत्र’ म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. मोटारी, वीजमीटर, ठिबकचे नियंत्रक, हवामान केंद्रांची उपकरणं या तंत्राच्या चिपांवर चालतात. जळगाव जिल्ह्यात केळीच्या विम्याचा दावा हवामान केंद्राच्या तापमान आणि वाऱ्याच्या नोंदीवर ठरतो. त्या केंद्राला २ नॅनोमीटरची चिप लागत नाही, चालू राहणारी चिप लागते.

पाषाणच्या पुढच्या यंत्राचं काय? सी-डॅक ‘औम’ नावाचा महासंगणकाचा प्रोसेसर आखत आहे. आराखड्याचा गाभा ब्रिटिश एआरएमचा, घडणार तैवानमध्ये ५ नॅनोमीटरवर. म्हणजे हुआवे जिथे अडली, त्याच पायरीवर आपण असू. तरीही हे काम झालंच पाहिजे, कारण आराखडा हातात असल्याशिवाय कारखान्याच्या दाराशी जाऊन मागायला तरी काय असणार? दुसरी वाट ‘रिस्क-फाइव्ह’ची. कॅलिफोर्नियात बर्कलीला जन्मलेला हा प्रोसेसरचा खुला आराखडा कोणालाही वापरता येतो. निर्यातबंदीच्या धास्तीने त्याच्या संस्थेने आपलं ठाणं अमेरिकेतून स्वित्झर्लंडला हलवलं. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ त्यावरच आखलेले आहेत.

आराखडा काढायला सॉफ्टवेअर लागतं आणि त्या क्षेत्रात तीनच कंपन्यांचा दबदबा आहे. मे २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने ते चीनला बंद केलं, जुलैच्या सुरुवातीला उघडलं. आपल्याकडे ‘चिप्स टू स्टार्टअप’ या केंद्राच्या योजनेतून शेकडो शिक्षणसंस्थांना हेच महागडं सॉफ्टवेअर सी-डॅकमार्फत वापरायला मिळतं आहे, आणि विद्यार्थ्यांनी आखलेल्या चिपा मोहालीत घडून त्यांच्या हाती परत येऊ लागल्या आहेत. ८५ हजार अभियंते घडवण्याचं उद्दिष्ट आहे. दार उघडं आहे तोवर आत शिरून शिकून घ्यायचं, हेच १९८८ मध्ये पुण्यातल्या मुलांनी ट्रान्सप्युटरच्या बाबतीत केलं होतं.

खानदेशातून दरवर्षी शेकडो मुलंमुली अभियांत्रिकीची पदवी घेतात आणि पाचोरा, चाळीसगाव, जळगावच्या फलाटांवरून पुण्या-मुंबईची गाडी पकडतात. बहुतेकांच्या वाट्याला दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरची देखभाल येते. माझी विनंती त्यांच्या महाविद्यालयांना आणि जळगावच्या बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला आहे: जिथे चिप आरेखनाची प्रयोगशाळा अजून नाही, तिथल्या प्राचार्यांनी या योजनेचे निकष पाहून येत्या शैक्षणिक वर्षाआधी प्रस्ताव द्यावा. आणि पाषाणच्या पुढच्या महासंगणकाची निविदा निघेल तेव्हा त्यातला काही भाग, दहा टक्के का होईना, भारतात आखलेल्या प्रोसेसरवर चालला पाहिजे, ही अट सरकारने आत्ताच घालावी. तो सुरुवातीला हळू चालेल, चुका दाखवेल. परम ८००० नेही दाखवल्या होत्या.